वर्तुळाबाहेरची शिंगं

हौसाबाईंचा फोन आला तेव्हा सकाळचा चहा अजून गॅसवरच होता. "सर, आक्का गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या. शाळेचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या या बाई एरवी फोनवर बोलल्या की आमच्या शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातं. त्या दिवशी त्यांच्यापेक्षा मागं ओरडणाऱ्या म्हशींचाच आवाज मोठा होता. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं... पहाटेची धार काढून आक्का उठल्या, बादली बाजूला ठेवली, गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि बसल्या जागी गेल्या. "कुनाला हाक बी मारली न्हाई ओ. जलमभर समद्यास्नी हाका मारल्या, आनि सवताच्या येळंला एक न्हाई." मी गॅस बंद केला आणि कळंब्याला निघालो. रस्त्यात मला रडू आलं नाही, राग आला. आक्कांवर रागवायची मला सवयच होती, ती त्या दिवशी उपयोगी पडली.

आक्का म्हणजे सुमनताई. कुठल्याच शाळेत न टिकलेल्या मुलांसाठी त्यांनी कळंब्याच्या तळ्यापलीकडं निवासी शाळा काढली. काहीबाही पेटवून देणारी, आईवर हात उचलणारी, घरातून पळून जाणारी, मोबाईल काढून घेतला म्हणून गच्चीच्या कठड्यावर चढून बसणारी अशी मुलं तिथं येतात. शिक्षण, उपचार आणि म्हशी या तीनही गोष्टी त्यांना एका आवारात मिळतात. म्हशी हा शब्द वाचून कुणाला हसू आलं असेल तर त्यानं खुशाल हसावं. आक्कांनी असल्या हसण्याची उभ्या आयुष्यात पर्वा केली नाही, आणि मी त्यांच्याबद्दल लिहिताना ती करणार नाही.

तेरावा झाल्यावर शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. व्यासपीठामागं मोठा फलक लावला होता. त्यावर आक्कांचा फोटो होता आणि तो चांगला होता. पण कोपऱ्यात, जिथं शाळेचं बोधचिन्ह असतं तिथं, दोन तळहात, तळहातांत रोपटं आणि मागं उगवता सूर्य. मी चित्रकलेचा मास्तर. असले तळहात, असली रोपटी आणि असले सूर्य मी जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांना काढून दिलेत. डोळे झाकून काढता येतात. पण या शाळेचं चिन्ह म्हैस आहे. समोरून बघणारी, भली थोरली म्हैस. ती मीच काढली आहे आणि ती काढताना आक्कांनी मला नकोसं करून सोडलं होतं. एका रात्रीत ती गेली कुठं? शिवाय सभेत वाटलेल्या पत्रकात लिहिलं होतं, की परदेशातल्या एका परिषदेत सुमनताईंना या शाळेची संकल्पना सुचली. आक्कांनी कधी पासपोर्ट काढला नव्हता. त्यांचा परदेश निपाणीला संपायचा.

हे सगळं ज्यानं करून घेतलं तो संस्थेचा अध्यक्ष म्हणजे या शाळेत आलेला पहिला मुलगा. त्याचं नाव मी लिहीत नाही. मुलांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा आक्कांचा नियम होता, आणि तो कितीही मोठा झाला तरी माझ्या लेखी त्या शाळेतला मुलगाच आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचा कारखाना आहे. माणूस वाईट नाही. शाळेवर जीव आहे, कधीही हाक मारा, धावून येतो. सभा संपल्यावर मी त्याला पडवीत गाठलं आणि म्हैस कुठं गेली म्हणून विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "सर, आता काळ बदललाय. पालक विचारतात, शाळा आहे की गोठा. कारखान्यात बाहेरचे लोक येतात. माझी मुलं मोठी झाली. त्यांना काय सांगू, बाप गोठ्यात राहायचा आणि म्हशीला शिव्या घालायचा?" मग त्यानं बाकीचं सांगितलं. गोठा पुढच्या वर्षी हलवायचा. नवं बोधचिन्ह मीच जरा सुबक करून द्यायचं. आणि दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला मुलं म्हशी पळवतात, त्या यंदा पळवायच्या नाहीत, कारण संस्था दुःखात आहे. मी म्हणालो, "मी देणार नाही, आणि जे झालं ते मी लिहिणार." तर हे ते लिहिणं.

आक्का आणि मी शहरातल्या एकाच हायस्कूलमध्ये होतो. मी चित्रकला शिकवायचो, त्या समुपदेशक होत्या. त्या काळी समुपदेशक म्हणजे काय हे आमच्या मुख्याध्यापकांनाही धड माहीत नव्हतं. ज्या मुलाला मारून उपयोग होत नाही त्याला पाठवायची ती खोली, एवढीच त्यांची समजूत. पुढं अध्यक्ष झालेला हा मुलगा तिथं नववीत आला. वडिलांची फाउंड्री, दारात मोटार, आणि आई वर्षभरापूर्वी गेलेली. आधीच्या दोन शाळांनी काढून टाकलं होतं. आमच्याकडं त्यानं प्रयोगशाळेचा पडदा पेटवला. वडिलांना बोलावलं, तर ते कार्यालयात सगळ्यांसमोर त्याला पट्ट्यानं मारायला लागले. आक्का मधे पडल्या. एक पट्टा त्यांच्याही हातावर बसला. त्यांनी हात चोळला आणि म्हणाल्या, "हा मुलगा द्या माझ्याकडं. दिवाळीपर्यंत ठेवते." वडिलांना हायसं वाटलं असावं, कारण कुठं ठेवणार हेही त्यांनी विचारलं नाही.

ठेवणार कुठं? आक्का लग्न न करता थोरल्या भावाकडं कसबा बावड्यात राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी बाळगणारं ते घर. संध्याकाळी शहरातल्या दुधाच्या कट्ट्यावर म्हशी न्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. घरातल्या कर्त्या भावाला सगळं बावडं दादा म्हणतं. दादांनी मुलाकडं एकदा बघितलं आणि गोठ्यावरची माडी दाखवली. आक्कांनी त्याच्याकडं चिमणी नावाची म्हैस सोपवली. नावावर जाऊ नका. चिमणी दारातून आत यायला लागली की घरात अंधार व्हायचा.

हल्ली काही लोक सांगतात की तो मुलगा मुका होता आणि म्हशीमुळं बोलायला लागला. साफ खोटं. तो भरपूर बोलायचा, आणि जे बोलायचा ते छापता येणार नाही. चिमणीला तर त्यानं चिमणी म्हणून कधी हाकच मारली नाही. एक अस्सल कोल्हापुरी शिवी होती, तीच तिचं नाव. वैरण टाकताना तीच, नदीवर नेऊन घासताना तीच, पाण्यातून बाहेर येत नाही म्हणून काठावर बसून विनवण्या करतानाही तीच. म्हशीला तुम्ही कोणाचे कोण हे कळत नाही. तुमच्या हातात राग असला की ती लाथ घालते, नाहीतर दूध चढवून ठेवते, आणि तुम्ही तिच्यावर कितीही ओरडलात तरी सोडत नाही. पहिले काही दिवस त्यानं दोन्ही चाखलं. मग हात बदलला. शब्द तोच राहिला. मी एकदा आक्कांना म्हणालो, "अहो, निदान भाषा तरी सुधारा त्याची." त्या म्हणाल्या, "सर, जरा कान देऊन ऐका. शिवी राहिलीय का ती आता?"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी भादरायची, गळ्यात घुंगरांच्या आणि कवड्यांच्या माळा घालायच्या. मग मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून पुढं निघतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. दोर नाही, काठी नाही. मालकाच्या आवाजामागं ती किती धावते यावर त्या घराची इज्जत ठरते. त्या वर्षी दादांनी नवी मोटरसायकल घेतली होती आणि त्यांचं सगळं लक्ष तिच्यात. चिमणीला चारणं, धुणं, घासणं सगळं त्या मुलाकडं. आपली म्हैस आपल्याच मागं येणार, यात विचार करायचा काय, असं त्यांचं गणित.

मी त्या दिवशी आक्कांकडं जेवायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. दादा निघाले. आवाजानं खिडक्या थरथरत होत्या. चिमणी मागं, लांबलचक शिंगं लाल रंगवलेली. पहिल्या वळणापर्यंत सगळं झकास झालं. तिथं कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. शाळा पेटवायला निघालेला तो पोरगा फटाक्यांना भ्याला... आणि भिऊन, जगात जे एक आपलं होतं, त्याला त्यानं हाक मारली. त्याच शिवीनं, बेंबीच्या देठापासून, बावड्यातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर. चिमणी थांबली. वळली. गर्दीनं वाट दिली, द्यावीच लागली. ती सरळ येऊन त्याच्या छातीला तोंड घासायला लागली. तिच्या शिंगांचा लाल रंग लागून माझा दिवाळीचा सदरा कायमचा गेला. आणि तिकडं दादा पुढं निघाले होते... एक हात वर करून, छाती काढून, दोन्ही बाजूच्या लोकांकडं बघत ते शेवटच्या टोकापर्यंत गेले. मागं म्हैस नाही हे त्यांना माहीतच नव्हतं. लोक पोट धरून हसत होते, ते त्यांना कौतुक वाटलं.

घरी आल्यावर दादांनी पागोटं फेकलं. "माझ्या गावात माझ्या म्हशीनं माझं नाक कापलं. आनि ती बी एका शिवीवर! घर माझं हाय, गोठा माझा हाय. ती म्हस आनि ते पोरगं आत्ताच्या आत्ता काढ हितनं." आक्का म्हणाल्या, "बरं. जेवून निघतो. पाडवा हाय." आणि खरोखरच त्यांनी सगळ्यांना वाढलं. दादांनाही वाढलं. दादाही जेवले, कारण बासुंदी आक्कांच्या हातची होती. मग आम्ही निघालो. पुढं मुलगा, मागं चिमणी, तिच्यामागं ट्रंक घेऊन आक्का, आणि शेवटी पेंडीचं पोतं घेतलेल्या माझ्या लुनावर मी. बावड्यातून कळंब्याला जायचं म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. दिवाळीची गर्दी, लोक थांबून बघत होते. एका दुकानदारानं विचारलं, "ओ पावणं, सनासुदीची म्हस कुठं निघाली?" आक्का न थांबता म्हणाल्या, "शाळंत." तोवर शाळेचा विषय त्यांच्या किंवा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. कुठली परिषद आणि कुठलं काय... शाळा निघाली ती अशी, रस्त्यात, एका चिडलेल्या बाईच्या तोंडून.

कळंब्याला त्यांच्या मामांचं पडीक शेत आणि एक शेड होती. जवळच तुरुंग आहे हे सगळ्या कोल्हापूरला माहीत. पुढं मुलं वाढली तेव्हा एका पुढाऱ्यानं भर कार्यक्रमात विनोद केला, की बाईंनी जागा सोयीची बघितलीय. आक्का जागेवरून उठून म्हणाल्या, "व्हय, म्हणूनच बघितलीय. तिकडं जायच्या आधी हितं थांबतील." कार्यक्रमात मग कुणी विनोद केला नाही. शिकवायला आम्ही जुने शिक्षक जायचो, मनोविकारांचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी यायचे, ज्याला गोळ्या लागतात त्याला गोळ्या मिळायच्या. म्हशीनं सगळं बरं होतं असली भोंदूगिरी आक्कांनी कधी केली नाही. त्या एवढंच म्हणायच्या, की मुलाशी बोलायच्या आधी त्याला कुणाची तरी गरज वाटली पाहिजे आणि त्याचीही कुणाला तरी गरज असली पाहिजे. डॉक्टरांचं आणि मुलाचं बोलणंही बरंचसं गोठ्यात, म्हैस घासता घासता व्हायचं. समोरासमोर खुर्च्या टाकून जे बाहेर आलं नसतं ते तिथं यायचं.

बोधचिन्ह काढायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पणती आणि पुस्तक घेऊन गेलो. आक्कांनी तो कागद चुलीत घातला. "म्हैस काढा." मग मी एका वर्तुळात सुंदर म्हैस काढली, गळ्यात माळ, माळेखाली दावं. त्यांनी दावं खोडायला लावलं. मग म्हणाल्या, शिंगं खोटी आहेत. आमच्याकडच्या म्हशींची शिंगं तलवारीसारखी लांब, ती वर्तुळात मावेनात म्हणून मी त्यांना वळण दिलं होतं. मी म्हणालो, "खरी काढली तर बाहेर जातात." त्या म्हणाल्या, "जाऊ देत की. वर्तुळ लहान काढलंय तुम्ही, त्याला ती काय करणार?" शेवटी शिंगं दोन्ही बाजूंनी वर्तुळ फोडून बाहेर गेली. छापखानेवाला म्हणाला, "सर, हे चुकलंय, कापून घेऊ का?" मी त्याला म्हणालो, कापून बघ, बाई येतील. आजवर कुणी कापलं नव्हतं.

शाळेची प्रार्थनाही तशीच. सकाळी मुलं गोठ्यापुढं रांगेत उभी राहतात आणि आपापल्या म्हशीला हाक मारतात. प्रत्येकाची हाक वेगळी, ज्याची त्यानं शोधायची, त्याशिवाय म्हैस येत नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब प्रार्थना म्हणून हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले आणि चहूबाजूंनी आरोळ्या सुरू झाल्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा सगळ्या म्हशी त्यांच्या अवतीभवती होत्या. आक्कांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं देव सुद्धा बोलावल्याशिवाय येत नाही, साहेब."

सगळी मुलं सुधारली असं मी लिहिलं तर आक्का वरून चप्पल फेकून मारतील. फाटकाला कुलूप नव्हतं. काही मुलं गेली ती परत आलीच नाहीत. एक तर खरोखरच शेजारच्या भिंतीपलीकडं पोचला. आक्का भेटीच्या दिवशी नेमानं जायच्या आणि त्याला त्याच्या म्हशीची खबर सांगायच्या... ती व्याली, रेडकू झालं, कपाळावर पांढरा ठिपका आहे. मी एकदा म्हणालो, एवढं करून काय मिळालं? त्या माझ्यावर इतक्या भडकल्या की आठवडाभर बोलल्या नाहीत. मला आजही वाटतं, की त्यांच्यासारखं कुणावर हट्टानं प्रेम करणं माझ्याच्यानं झालं नसतं.

आणि दादा? दर भाऊबीजेला आक्का बावड्याला जायच्या. दादा पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, ताटात घालायचं ते घालायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. आक्का परत येऊन सांगायच्या, "यंदा वाळलाय जरा." शाळेत मात्र दादांनी कधी पाऊल टाकलं नाही. अंत्यविधीला आले, ते सरळ स्मशानात.

यंदाच्या पाडव्याची सकाळ. अध्यक्षांचा निरोप मुलांना मिळाला होता, तरी सगळ्या म्हशी घासून, शिंगं रंगवून, माळा घालून तयार होत्या. मुलं, म्हशींपुढं हाणायच्या सायकली घेऊन, फाटकाशी आली, तर फाटकात त्याची मोटार आडवी उभी. तो ओरडला नाही. समजावून म्हणाला, "मुलांनो, आक्का जाऊन किती दिवस झाले? दुखवटा आहे आपल्याला. म्हशी आत घ्या." मुलं माझ्याकडं बघायला लागली. माझा पारा चढलेला होता आणि मी जे बोललो ते मास्तराला शोभणारं नव्हतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तो हलेना. आक्का नसताना ही मुलं मागं फिरली असती, तर त्या दिवशी गोठा गेला होता, आणि गोठ्यामागं शाळा गेली असती. हे मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. काठी टेकत दादा उतरले. पागोटं, धोतर, कानावर केस. यंदा म्हशी पळवायच्या नाहीत हे बावड्यापर्यंत पोचलं होतं. मोटारीला वळसा घालून ते फाटकात आले.

"कुनाला हाय दुखवटा?"

"संस्थेला, दादा," तो म्हणाला.

"संस्था कुनाची कोन लागती? भन माझी गेली. दुखवटा माझ्या घरात हाय. आमच्यात ना पनती लागली, ना करंजी झाली. म्हशीला कसला दुखवटा? सोडा म्हशी."

"दादा, ते सगळं जुनं झालं. लोक हसतात."

दादा त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. मला वाटलं काठी उगारतात की काय. "हसत्यात ते मला हसत्यात. तुला का लागतंय? मी हात वर करून शेवटापातूर गेलतो, मागं म्हस न्हवती. आजून बावड्यातली पोरं मला बघून हात वर करत्यात. मी गुमान ऐकून घेतलं, का तर झालंय ते खरं हाय. आनि तू? ज्याच्यामागं म्हस आली, त्यो तू म्हनतोस झालंच न्हाई? मग माझं हसं काय उगंच झालं व्हय रं? शिवी दिलीस तू तिला. सगळ्या बावड्यानं ऐकली. आनि माझी मोटरसायकल सोडून ती तुझ्याकडं आली. न्हाई म्हन बघू माझ्या तोंडावर!"

मग त्यानं खिशातून किल्ली काढली, मोटारीत बसला आणि मोटार बाजूला घेतली. मुलांनी सायकली हाणल्या आणि हाका सुरू झाल्या. तळ्याच्या रस्त्यानं धुळीचे लोट उठले. दादा काठी वर करून ओरडत होते, "पळीव! मागं बघ रं, मागं बघ, म्हस हाय का न्हाई बघ!" मी इतक्या मोठ्यानं हसलो की मला रडायला लागलं, आणि आक्का गेल्यापासून जे आलं नव्हतं ते सगळं तिथं रस्त्यात आलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी अध्यक्षाला वाचून दाखवला. वेड्यासारखा वागणारा मुलगा असं मी एका जागी लिहिलं होतं. तो म्हणाला, "वेडा नका लिहू सर. भ्यालो होतो मी." मी ते बदललं. मग म्हणाला, "बाकी सगळं राहू दे. शिवी फक्त छापू नका, मुलं वाचतील." छापलेली नाही.

यंदाच्या पाडव्याला म्हशी परत आल्यावर दादांनी मला विचारलं होतं, "सुमी निजायची कुठं?" मी त्यांना गोठ्यामागच्या आक्कांच्या खोलीत नेलं. एक लोखंडी खाट, एक ट्रंक, दोरीवर दोन लुगडी. खाट खिडकीला लावलेली आणि खिडकी गोठ्यात उघडणारी. तिला गज नाहीत, काच नाही. म्हशी त्यातून तोंड आत घालून उभ्या राहत, त्यांच्या हनुवट्या घासून चौकटीचं लाकूड गुळगुळीत झालंय. दादा खाटेवर बसले. आक्का स्वतः जिची धार काढायच्या, त्या म्हशीनं बाहेरून तोंड आत घातलं आणि त्यांच्या पागोट्याचा वास घेतला. दादा रडले, चांगले मोठ्यानं रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "रिक्षात माझी वळकटी हाय, तेवढी आनायला सांगा." ते घरून वळकटी घेऊनच निघाले होते. तेव्हापासून ते तिथंच आहेत. मुलांच्या आधी उठतात, सगळ्यांना शिव्या घालतात, आणि आक्कांची म्हैस, जी हौसाबाईंनाही हात लावू देत नव्हती, तिनं त्यांना दूध द्यायला सुरुवात केलीय.

पण त्या खोलीचं स्मृतिदालन करायचं विश्वस्तांच्या बैठकीत आधीच ठरलं होतं. फोटो, समया, काचेच्या कपाटात आक्कांचा चष्मा, असं सगळं. परवा ते सांगायला अध्यक्ष स्वतः आला. मी तिथंच होतो. त्यानं दारात उभं राहून फार अदबीनं सांगितलं, की दादा, खोली मोकळी करून द्यावी लागेल, तुमची सोय दुसरीकडं चांगली करतो. दादा गोठा झाडत होते. त्यांनी शेणानं काठोकाठ भरलेली पाटी उचलली आणि त्याच्या पुढ्यात धरली. "आलाईस तर एवढी उकिरड्यावर टाकून ये," म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि गेला. परत आला तेव्हा पांढऱ्या शर्टावर ओघळ आले होते. रिकामी पाटी दादांच्या पुढ्यात ठेवून तो म्हणाला, "आजून हाय?"